इतिवृत्त पुरेसे असताना रेकॉर्डिंग कशासाठी?

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

एका सरकारी कार्यालयात एकतीस वर्षे लघुलेखिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. बैठकीच्या टेबलाच्या टोकाला बसायचे, चर्चा होईल ती वहीत लघुलिपीत उतरवायची आणि दुसऱ्या दिवशी तिचे इतिवृत्त टंकलिखित करून सहीसाठी ठेवायचे, हे माझे रोजचे काम होते. बैठकीत जे जे बोलले जाते ते सगळे कागदावर यायचे नसते, हे त्या कामात मी शिकले. कोण कोणावर चिडले, कोणाचा आवाज कापरा झाला, कोणी बोलता बोलता घरची अडचण सांगून टाकली, हे मी ऐकत असे, पुष्कळदा ते वहीतही उतरत असे. पण इतिवृत्तात विषय, निर्णय आणि तो कोणी अमलात आणायचा एवढेच येई. इतिवृत्त कायम झाले की वहीतली ती पाने फाडून टाकायची, अशी शिस्त आमच्या मुख्य लिपिकांनी मला पहिल्याच आठवड्यात लावली होती. हल्ली व्हिडिओ बैठकांचे सरसकट रेकॉर्डिंग होते आणि ते वर्षानुवर्षे कोठेतरी पडून राहते, तेव्हा मला ती पाने आठवतात. त्याविषयीच हे पत्र आहे. ते थोडे लांबले आहे, पण विषय आमच्या इमारतीत घडलेला असल्यामुळे तो अर्धवट सांगणे मला जमले नाही.

आमची इमारत पाचपाखाडीत आहे. तीन मजले, एकच जिना, लिफ्ट नाही, बांधून चाळीस वर्षे होऊन गेलेली. ठाण्यातल्या अशा शेकडो इमारतींप्रमाणे आमच्याकडेही पुनर्विकासाचा विषय चालू आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या समितीने ठरवले की, नियमाप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याआधी सभासदांची मते एकदा मोकळेपणी ऐकून घ्यावीत. काही जण पुण्याला, दोघे परदेशात आणि बाहेर धो धो पाऊस, म्हणून ही बैठक व्हिडिओवर झाली. हेतू चांगला होता आणि सुरुवातीला बैठकही चांगली चालली होती.

आमच्या दुसऱ्या मजल्यावर पंच्याहत्तरीच्या एक काकू राहतात. त्यांनी मोबाइल स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, पिठाच्या स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर त्यांचा अर्धा चेहरा, वर पंखा आणि मागच्या फळीवर औषधांच्या बाटल्यांची रांग दिसत होती. त्यांची पाळी आली तेव्हा भाड्याच्या घरात जाणे आपल्याला का अवघड आहे, हे त्यांनी सांगितले. त्यांचा मुलगा अनेक वर्षे मानसिक आजारावर उपचार घेतो आहे, जागा बदलली की त्याची झोप जाते, मागच्या वेळी रुग्णालयाचे बिल भरताना संस्थेचे पैसे थकले ते त्यामुळेच, असे सगळे त्या चार मिनिटे बोलल्या. इतक्या वर्षांत त्यांनी हे कोणाजवळ काढले नव्हते. ऐकणारे आम्ही तेवीस जण होतो आणि मध्ये कोणीही बोलले नाही. खजिनदारांनी शेवटी, ‘काकू, थकबाकीचं आपण बघू, तुम्ही काळजी करू नका’, असे म्हटले. शेजाऱ्यांनी शेजारणीचे म्हणणे ऐकून घ्यावे तसे ते ऐकून घेतले गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी संस्थेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रेकॉर्डिंगची लिंक आली, ‘ज्यांना काल जमले नाही त्यांच्यासाठी’. त्या ग्रुपवर सभासद आहेत, भाडेकरू आहेत, सभासदांची बाहेरगावची मुले आहेत आणि घरखरेदीविक्रीचा व्यवसाय करणारे दोघेही आहेत. लिंकला पासवर्ड नव्हता. ज्याच्या हाती ती पडेल त्याला व्हिडिओ बघता येत होता आणि उतरवूनही घेता येत होता. आठवड्याच्या आत कोणीतरी काकूंची ती चार मिनिटे कापून वेगळी केली. तो तुकडा फिरत फिरत एका नातेवाइकाकडे गेला आणि तिथून काकूंच्या मुलाच्याच मोबाइलवर आला. आपल्या आजाराविषयी आई तेवीस माणसांपुढे काय बोलली, हे त्याने एकट्याने, त्याच स्वयंपाकघरात बसून ऐकले. त्यानंतर काय झाले ते मी येथे लिहिणार नाही. तो त्या घराचा प्रश्न आहे. रोज संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला येणाऱ्या काकू त्यानंतर कित्येक आठवडे जिन्यातही दिसल्या नाहीत, एवढेच सांगते.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी विचारले, ‘पण हे सगळं साठवून ठेवतायत, असं मला कोणी सांगितलं का गं?’ बैठक सुरू झाल्यावर पाच-सात मिनिटांनी बाईच्या आवाजात ‘रेकॉर्डिंग इन प्रोग्रेस’ असे शब्द आले होते आणि पडद्याच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला होता. काकूंना वाटले, नेटवर्कचे काहीतरी सांगताहेत. मला मात्र त्याचा अर्थ ठाऊक होता. मी तो ठिपका पाहिला होता आणि काकू बोलू लागल्या तेव्हा ‘जरा थांबा, आधी रेकॉर्डिंग बंद करू या’, असे मी म्हणायला हवे होते. ते मी म्हटले नाही, याची मला आजही टोचणी आहे आणि हे पत्र लिहिण्याचे तेही एक कारण आहे.

समितीतल्या मंडळींशी मी नंतर बोलले. ती माणसे वाईट नाहीत, विनामोबदला संस्थेसाठी राबणारी आहेत. त्यांचे पहिले म्हणणे असे की, सूचना तर सगळ्यांना ऐकू आली होती आणि ज्यांना मान्य नव्हते त्यांना बाहेर पडता आले असते. दुसरे म्हणणे असे की, पुनर्विकासाच्या सभेचे चित्रीकरण शासनानेच सांगितलेले आहे. या दोन्ही मुद्द्यांना उत्तर देणे आवश्यक आहे, कारण ठाणे आणि नवी मुंबईतल्या अनेक संस्थांमध्ये हेच दोन मुद्दे ऐकायला मिळतात.

दुसरा मुद्दा आधी घेते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७९(अ) खाली शासनाने पुनर्विकासासंबंधी ४ जुलै २०१९ रोजी निर्देश दिले आहेत आणि अशा विशेष सभेचे चित्रीकरण करण्याची तरतूद त्यात आहे, हे खरे आहे. ती तरतूद योग्यही आहे. विकासकाची निवड करताना गणपूर्ती होती का, मतदान खरोखर झाले का, यावरून पुढे वाद होतात आणि निबंधकांच्या कार्यालयात तो वाद गेला की चित्रीकरण हा पुरावा ठरतो. पण आमची बैठक ती विशेष सभा नव्हतीच. मते ऐकून घेण्यासाठी घेतलेली ती अनौपचारिक बैठक होती. शिवाय पुरावा म्हणून जपून ठेवायचा व्हिडिओ आणि ग्रुपवर सोडून द्यायचा व्हिडिओ यांत फार अंतर आहे. मतपत्रिका जपून ठेवायच्या असतात म्हणून त्या कोणी नोटीस बोर्डावर लावत नाही.

पहिला मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. सूचना देणे आणि संमती घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या माणसाला बैठकीला येणे भाग असेल, तिथे त्याच्या घराचा निर्णय होणार असेल, तर ‘पटत नसेल तर बाहेर पडा’ हा पर्याय त्याच्यासाठी पर्यायच नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने निकाल देताना खासगीपण हा मूलभूत हक्क मानला आणि तो घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या व व्यक्तिगत स्वातंत्र्याच्या हक्काशी जोडला. त्यानंतर सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. या कायद्यात संमतीची व्याख्या स्पष्ट आहे: ती दबावाविना, ठरावीक कारणापुरती, सर्व समजून, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असली पाहिजे, आणि दिली तितक्याच सहजतेने ती मागे घेता आली पाहिजे. नुसते गप्प बसणे या व्याख्येत बसत नाही.

याच कायद्यातली आणखी एक तरतूद मला फार मोलाची वाटते. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय माणसाला मिळाली पाहिजे, असे तो सांगतो. मराठी त्या बावीस भाषांत आहे. काकूंना जर कोणी ‘ही बैठक ध्वनिचित्रमुद्रित होत आहे, तुमची हरकत आहे का?’ असे मराठीत विचारले असते, तर त्या दिवशी त्या एवढेच म्हणाल्या असत्या की, ‘मला जागा सोडायला अडचण आहे, तिचे कारण मी सचिवांना वेगळे सांगेन.’

घरगुती कारणासाठी एखाद्या व्यक्तीने ठेवलेल्या माहितीला हा कायदा लागू होत नाही. नातवाचा वाढदिवस व्हिडिओवर साजरा करून त्याचे चित्रीकरण आजीने ठेवले, तर त्यात कोणी पडणार नाही आणि पडूही नये. पण गृहनिर्माण संस्था, शाळा, शिकवणी वर्ग, दवाखाना किंवा कंपनी यांची बैठक म्हणजे नातवाचा वाढदिवस नव्हे.

रेकॉर्डिंग झाले की ते जाते कोठे, हे आपल्यातल्या बहुतेकांनी कधी विचारलेलेच नसते, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते. झूमवर रेकॉर्डिंग दोन प्रकारे होते: एक तर ते करणाऱ्याच्या संगणकात उतरते, नाहीतर कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीत, जाते. पहिल्या प्रकारात ती फाइल कोणाच्या लॅपटॉपमध्ये आहे, तो लॅपटॉप घरात आणखी कोण वापरते, तो दुरुस्तीला दिला तर काय, हे सगळे त्या एका माणसावर अवलंबून राहते. दुसऱ्या प्रकारात लिंक ज्याच्याकडे जाईल त्याचा प्रश्न येतो. गूगल मीटचे रेकॉर्डिंग बैठक बोलावणाऱ्याच्या ड्राइव्हमध्ये जाऊन पडते. मायक्रोसॉफ्ट टीम्सचे वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंट या त्याच कंपनीच्या साठवणीत राहते आणि कंपनीने वेगळे काही ठरवले नसेल तर १२० दिवसांनी आपोआप काढून टाकले जाते. ही मुदतीची पद्धत मला पसंत आहे, कारण तिथे निदान पान फाडण्याचा दिवस ठरलेला आहे. ड्राइव्हमधली फाइल मात्र कोणी काढली नाही तर तशीच राहते, आणि काढली तरी ती कचरापेटीत तीस दिवस असते, हे अनेकांना ठाऊक नसते.

चित्रासोबत इतरही पुष्कळ काही साठते. ध्वनीची वेगळी फाइल होते, बोलण्याचे लेखी रूपांतर होते आणि बैठकीत लिहिलेल्या संदेशांचीही फाइल तयार होते. बैठक चालू असताना एकाने दुसऱ्याला खासगीत पाठवलेला संदेश इतरांना दिसत नाही, ही समजूत बरोबर आहे. पण त्या दोघांपैकी कोणी आपल्या संगणकावर त्या संदेशांची नोंद जतन केली, तर तो खासगी संदेशही त्यात येतो, आणि पुढे ती फाइल कामाची म्हणून कोणी सर्वांना पाठवली की सगळेच उघड होते. ज्याला खासगी बोलायचे आहे त्याने फोन करावा.

रेकॉर्डिंगे बेवारस पडून राहिली तर काय होते, याचा धडा एप्रिल २०२० मध्येच मिळाला होता. टाळेबंदीत सगळे जग झूमवर आले आणि काही आठवड्यांतच वॉशिंग्टन पोस्टने बातमी दिली की, हजारो बैठकांचे व्हिडिओ इंटरनेटवर कोणालाही सापडतील असे उघडे पडले आहेत. त्यांत मानसोपचाराची सत्रे होती, लहान मुलांचे वर्ग होते. कोणी झूममध्ये घुसून ते चोरले नव्हते. लोकांनीच ते दुसऱ्या साठवणीच्या जागी पासवर्डविना ठेवले होते आणि त्या फायलींची नावे एकाच ठरीव पद्धतीची असल्यामुळे त्या शोधून काढणे सोपे झाले होते. त्याच महिन्यात, १६ एप्रिलला, आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानेही झूमच्या सुरक्षित वापराविषयी सूचना काढल्या होत्या आणि शासकीय कामासाठी ते वापरू नये असे कळवले होते. त्यानंतर त्या अॅपमध्ये सुधारणा झाल्या. ‘नंतर बघू’ म्हणून फाइल कोठेही टाकून देण्याची आपली सवय मात्र तशीच राहिली आहे.

आता तर रेकॉर्डिंग करायला माणूसही लागत नाही. माझी भाची ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करते. ठाण्याहून ट्रान्स हार्बरच्या गाडीने ती जाते-येते आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. तिच्या बैठकांना हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा टिपणे काढणारा बॉट हजर असतो. उपस्थितांच्या यादीत त्याचे नाव माणसांच्या नावांबरोबर दिसते. एकदा ग्राहकाची माणसे बैठकीतून बाहेर पडल्यावर ही मुले-मुली आपसात बोलत राहिली. एकीने सांगितले की, तिला तिसरा महिना लागला आहे आणि घरी अजून सांगितलेले नाही. बॉट बाहेर पडलेला नव्हता. तासाभराने ‘बैठकीचा सारांश’ म्हणून ईमेल सगळ्या निमंत्रितांना गेला, त्यात ग्राहकही आले आणि साहेबही आले, आणि सारांशात तिच्या तिसऱ्या महिन्याची ओळ होती. भाचीने मला तो मजकूर फोनवर वाचून दाखवला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचे मुख्य लिपिक उभे राहिले. ‘बैठक संपली’ असे अध्यक्षांनी म्हटले की माझी पेन्सिल थांबत असे. त्यानंतर चहाच्या कपाबरोबर जे बोलले जाई त्यातला एक शब्द मी कधी लिहिला नाही. लिहून घेणाऱ्यापाशी तारतम्य असावे लागते. यंत्राला ते नाही, म्हणून त्याला बाहेर घालवण्याचे तारतम्य यंत्र आणणाऱ्याने ठेवले पाहिजे.

नोकरीत असणाऱ्यांची अडचण मला समजते. साहेबांनी रेकॉर्डिंग लावले तर कनिष्ठ कर्मचारी हरकत घेणार कशी? नव्या कायद्यानेही नोकरीच्या कारणासाठी काही बाबतींत संमतीविना माहिती वापरण्याची मुभा मालकाला ठेवलेली आहे. म्हणून तिथे हरकतीपेक्षा प्रश्नाचा उपयोग अधिक होतो. ‘हे रेकॉर्डिंग कोणासाठी आहे आणि किती दिवस ठेवणार?’ एवढे बैठकीच्या सुरुवातीला सभ्यपणे विचारता येते. भाचीने असे विचारायला सुरुवात केली तेव्हा दोन बैठकांत असे निघाले की, रेकॉर्डिंग कोणालाच नको होते. ते आधीपासून लावलेले होते म्हणून होत होते. बॉट कोणी आणला हेही विचारावे, कारण पुष्कळदा तो कंपनीने आणलेला नसतो, कोणा एकाच्या कॅलेंडरला जोडलेला असल्यामुळे त्याच्यामागून आत आलेला असतो.

मुलांच्या बाबतीत तर कोणतीच सबब मला मान्य नाही. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल, असे हा कायदा सांगतो. शिक्षकाने शिकवलेला भाग पुन्हा पाहण्यासाठी हवा असेल तर शिक्षकाचा फळा आणि आवाज पुरतो. चाळीस मुलांचे चेहरे, त्यांची नावे, त्यांच्या मागे दिसणारी घरे आणि कोणाला उत्तर आले नाही हे त्यात असण्याची गरज नाही. झूमवर फक्त बोलणाऱ्याचे किंवा दाखवलेल्या पडद्याचे रेकॉर्डिंग करण्याची सोय आहे. डॉक्टरांशी आणि समुपदेशकांशी होणाऱ्या बोलण्याविषयी वेगळे लिहायला नको. तिथे विचारल्याशिवाय बटण दाबणे चूकच.

आपल्या हातात काय आहे, असे काकूंनी मला विचारले होते आणि माझ्याकडे सांगण्यासारखे थोडेफार होते. बैठकीत शिरताच आधी कोपऱ्यातल्या खुणेकडे बघावे. रेकॉर्डिंग चालू असेल आणि आपल्याला घरचे, आजाराचे, पैशाचे काही बोलायचे असेल, तर ‘माझे बोलणे होईपर्यंत रेकॉर्डिंग थांबवा’ असे स्पष्ट म्हणावे. थांबवायला एक बटण पुरते आणि पुन्हा सुरूही करता येते. काम नसेल तेव्हा कॅमेरा आणि माइक बंद ठेवावा. मागचे दृश्य धूसर करण्याची सोय चांगली आहे, पण तिने घरातले आवाज झाकले जात नाहीत. शेजारच्या खोलीत कोणी औषधाचे किंवा बँकेचे बोलत असेल तर ते ऐकू जाते. मोबाइलवर आपल्या नावापुढे फोन नंबर दिसत असेल तर तो काढून टाकावा. मागाहून लक्षात आले तर रेकॉर्डिंग करणाऱ्याला लेखी कळवून आपला भाग काढायला सांगावे आणि उत्तर मागावे.

हे करूनही एक धोका उरतोच. ती खूण फक्त त्याच अॅपचे बटण दाबले तरच दिसते. कोणी आपल्या मोबाइलमधला स्क्रीन रेकॉर्डर चालू केला किंवा लॅपटॉपसमोर दुसरा मोबाइल धरला, तर बहुतेक वेळा बाकीच्यांना काहीच कळत नाही. तंत्र इथे फारसे कामाला येणार नाही. त्यासाठी संस्थेचा नियम हवा आणि तो मोडणाऱ्याला जाब विचारणारे सभासद हवेत.

रेकॉर्डिंगच नको, असे मी म्हणत नाही. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना लेखी रूपांतराचा आधार असतो. रात्रपाळी करणाऱ्या सभासदाला बैठक मागाहून पाहता येते. दादागिरी करणाऱ्या पदाधिकाऱ्याविरुद्ध एखाद्या बाईला तेवढाच एक पुरावा हाताशी असतो आणि तो तिच्याकडून कोणी हिरावून घेऊ नये. माझा आक्षेप आहे तो कारण नसताना, न विचारता आणि मुदत न ठरवता होणाऱ्या रेकॉर्डिंगला. गैरहजर सभासदाला काय ठरले हे कळायला हवे. त्यासाठी इतिवृत्त आहे. ते दोन पानांत बसते, मराठीत लिहिता येते, सभासदांना पाठवून त्यावर हरकती मागवता येतात आणि पुढच्या सभेत ते कायम करता येते. दोन तासांचा व्हिडिओ ठराव शोधण्यासाठी क्वचितच कोणी पूर्ण बघतो. तो बघितला जातो कोण काय बोलले यासाठी.

आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी सहकार खात्याला आणि जिल्ह्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या फेडरेशनला विनंती आहे की, व्हिडिओ सभांसाठी एक साधी मराठी सूचना तयार करून ती सर्व संस्थांना पाठवावी. आमच्या संस्थेसाठी मी मसुदा केला आहे तो असा: ‘या सभेचे ध्वनिचित्रमुद्रण अमुक कारणासाठी करण्यात येणार आहे. ते सचिवांच्या ताब्यात राहील, सभासदाला संस्थेच्या कार्यालयात बसून पाहता येईल, ग्रुपवर पाठवले जाणार नाही आणि इतिवृत्त कायम झाल्यानंतर तीस दिवसांनी, वाद प्रलंबित नसल्यास, कचरापेटीसह काढून टाकले जाईल. आजार, कुटुंब व थकबाकी यांविषयी सभासद बोलत असताना मुद्रण थांबवले जाईल. कोणाची हरकत असल्यास ती आता नोंदवावी.’ ज्या विशेष सभेचे चित्रीकरण शासनाच्या निर्देशांनुसार करायचे आहे तिथे ते होईलच. त्या चित्रीकरणालाही ताबा आणि न पसरवण्याची अट लागू राहील, असे मसुद्यात पुढे लिहिले आहे. ही सूचना सचिवांनी सभेच्या सुरुवातीला मोठ्याने वाचायची आहे.

त्या जुन्या बैठकीचा व्हिडिओ समितीने माझ्यासमोर काढून टाकला आणि तशी नोंद संस्थेच्या दप्तरात करून घेतली. ग्रुपवरून जो तुकडा बाहेर गेला तो किती मोबाइलमध्ये आहे, हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि काकूंनी विचारले तेव्हा मला तसेच सांगावे लागले. वरील मसुदा ठराव म्हणून येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असे पत्र मी समितीला दिले आहे. सूचक म्हणून माझे नाव आहे. अनुमोदक म्हणून काकूंनी सही केली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लघुलेखिका
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)